आईची नोकरी, बाबांकडे घर : एका पगारावर कोल्हापुरात येताना

पुण्या-मुंबईतली दोन पगारांची घडी मोडून कोल्हापुरात यायचं, आईने नोकरी करायची आणि बाबांनी घर-मुलं बघायची, असं ठरवणारी जोडपी आता ओळखीपाळखीत दिसू लागली आहेत. कुणाला म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहायचं असतं, कुणाच्या पत्नीला इथे एमआयडीसीत, शाळेत किंवा बँकेत चांगली जागा मिळालेली असते, कुणाची पत्नी घरून काम करू शकते. निर्णय घ्यावा की नाही याची चर्चा इथे नाही. तो झालाय असं धरून पुढची कामं कोणत्या क्रमाने करायची ते सांगितलंय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातली निम्मी कामं दोघांच्या पगाराच्या स्लिपा हातात असतानाच होतात. राजीनामा दिल्यावर त्याच कामांसाठी बँक, विमा कंपनी आणि घरमालक हेलपाटे घालायला लावतात.

1. आधी तीन महिने एका पगारावर राहून बघा

पत्नीचा जो पगार पुढे घरात येणार आहे, तेवढ्याच रकमेत सलग तीन महिने घर चालवा. पतीचा पगार वेगळ्या खात्यात पडू द्या आणि त्याला हात लावू नका. यातून दोन गोष्टी साधतात. हिशेब कागदावर जमतो की प्रत्यक्षातही जमतो ते कळतं आणि स्थलांतराचा खर्चही याच खात्यातून निघतो.

पगार मोजताना हातात पडणारी रक्कम धरा, कंपनीने सांगितलेलं वर्षाचं पॅकेज नाही. महाराष्ट्रात महिलांना महिना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर लागत नाही. नव्या करपद्धतीत 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर आयकर पडत नाही. त्यामुळे दोघांच्या पगारावर मिळून जो कर कापला जायचा, त्यातला बराचसा इथे वाचतो. एकूण उत्पन्न जितकं घटतं, तितकी हातातली रक्कम घटत नाही. हा फरक आधी मांडून ठेवा, म्हणजे उगाच घाबरायला होत नाही.

भाडं हातातल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आत बसवा. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चालू असेल तर भाडं आणि हप्ता मिळून निम्म्यावर जाता कामा नये. जात असेल तर फ्लॅट भाड्याने देऊन हप्ता भागतो का ते बघा. तेही होत नसेल तर कर्जाची मुदत वाढवून घ्या, पण हा अर्ज दोघंही नोकरीत असतानाच करायचा.

एका कमावत्या माणसावर घर चालणार असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलाच पाहिजे, नऊ महिन्यांचा असला तर उत्तम. "मी घरून थोडंफार काम करीनच" हे उत्पन्न पहिलं वर्षभर शून्य धरा. लहान मूल घरात असताना पहिले सहा महिने असं काम फारसं होत नाही. झालंच तर ते पैसे शिलकीत जातील.

2. राजीनाम्याआधी उरकायची कामं

*मुदत विमा (टर्म इन्शुरन्स).* कमावणारी व्यक्ती आता पत्नी आहे, म्हणून पहिला मोठा मुदत विमा तिच्या नावावर हवा. पतीचा विमा काढायचा किंवा वाढवायचा असेल तर तो नोकरीत असतानाच काढा. विमा कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात आणि घर सांभाळणाऱ्याला फार कमी रकमेचा विमा देतात. चालू पॉलिसीचा हप्ता मात्र बंद करू नका. मुलांना सांभाळणारा माणूस गेला तर ते काम पगार देऊन करून घ्यावं लागतं, हे लक्षात असू द्या.

*आरोग्य विमा.* पतीच्या कंपनीचा गट विमा बहुधा कामाच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) पुढे धरला जातो. त्यासाठी निदान महिनाभर आधी अर्ज करा. खंड पडला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि आधीच्या आजारांसाठी ते तीन वर्षांपर्यंत लांबू शकतं. पत्नीचा ढोबळ पगार महिना 21 हजारांपर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयखाली (कामगार राज्य विमा योजनेखाली) येत असेल, तर तिच्या कार्डावर पती आणि मुलांनाही उपचार मिळतात. पत्नी रुजू होताच कार्डावर त्यांची नावं चढवून घ्या, आजारपण आल्यावर धावपळ नको. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, तेही ठरलेल्या आजारांवर आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. याला जोड म्हणून धरा, एवढ्यावर विसंबू नका.

*पीएफ आणि ग्रॅच्युइटी.* पीएफ काढायची घाई करू नका. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर कर लागतो, आणि नोकरी सोडली तरी खात्यात व्याज पडत राहतं. मात्र यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे आणि वारसाचं नाव बरोबर आहे, हे कंपनी सोडण्याआधी तपासा, आणि सोडल्यावर शेवटच्या दिवसाची नोंद झाली का ते बघा. शेवटच्या दिवसाची नोंद राहिली तर पुढे पैसे काढताना अडतं. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते. चार वर्षं दहा महिने झाले असतील तर दोन महिने थांबा.

*बचत कुणाच्या नावावर.* पतीने साठवलेले पैसे पत्नीच्या खात्यात टाकून तिच्या नावे मुदत ठेव केली, तरी कायद्याने त्याचं व्याज पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं. म्हणून ज्याची बचत त्याच्या नावावर राहू द्या. पतीचं उत्पन्न आता नगण्य असल्यामुळे कराच्या दृष्टीनेही तेच सोयीचं आहे. घरखर्चासाठी मात्र दोघांचं संयुक्त खातं काढा, "दोघांपैकी कुणीही" या पद्धतीचं. दर वेळी हजार रुपये मागून घ्यावे लागले तर घर सांभाळणाऱ्याचा जीव कोंडतो. बायका हे पिढ्यान् पिढ्या सोसत आल्या, नव्या मांडणीत ते कुणाच्याच वाट्याला यायला नको.

3. घर शोधताना आधी नदी बघा

कोल्हापुरात घर बघायला लोक उन्हाळ्यात येतात, तेव्हा पंचगंगा शांत असते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प, व्हीनस कॉर्नरचा परिसर आणि नागाळा पार्कचा सखल भाग पाण्यात होता. घरमालकाला "इथे पाणी येतं का?" विचारलंत तर "नाही" असंच उत्तर मिळेल. त्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानदाराला विचारा, "एकवीसला पाणी कुठवर आलं होतं?" तो हात करून जागा दाखवतो. भिंतीवरची ओलीची रेघ, जिन्याच्या खालच्या पायऱ्यांचा नवा गिलावा, जमिनीपासून उंच सरकवलेलं मीटरबोर्ड, या खुणा तुम्हालाही दिसतील.

घर उंचावर असलं तरी पुरात एक अडचण येतेच. उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की शहराचा नळ कित्येक दिवस बंद राहतो. बोअर किंवा मोठी टाकी असलेली इमारत निवडा. पाणी रोज येतं की एक दिवसाआड, किती वाजता आणि दाबाने वरच्या मजल्यापर्यंत चढतं का, हेही विचारा. पहाटे पाणी येत असेल तर ते भरायचं काम कुणाचं, हा घरातला रोजचा प्रश्न आहे.

दुसरं बघायचं ते पत्नीचं कामाचं ठिकाण. शिरोली एमआयडीसी नदीच्या पलीकडे आहे, मोठ्या पुरात महामार्ग बंद होतो आणि शहरातून तिकडे जाता येत नाही. गोकुळ शिरगाव (शहरापासून सुमारे 10 किलोमीटर) आणि कागलची पंचतारांकित वसाहत (सुमारे 20 किलोमीटर) अलीकडच्या बाजूला आहेत. गोकुळ शिरगाव-कागलला नोकरी असेल तर राजेंद्रनगर, सागरमाळ, आर. के. नगर, उजळाईवाडी या बाजूला घर बघा. कळंबा-पाचगावकडे भाडं शहराच्या मध्यापेक्षा कमी पडतं, पण तिथली पाण्याची सोय आवर्जून तपासा. राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीत शाळा-दवाखाने हाताशी आहेत, भाडंही त्या मानाने चढं. पेठांमधलं घर मोठं आणि स्वस्त मिळू शकतं, मात्र गाडी लावायला जागा मिळत नाही.

पत्नी घरून काम करणार असेल तर दार बंद होणारी स्वतंत्र खोली हवीच. "हॉलच्या कोपऱ्यात टेबल टाकू" हे महिन्याभरात मोडतं, कारण मुलांना आई समोर दिसली की ती बाबांकडे जात नाहीत. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट राखीव ठेवा. महिन्यातून पुण्याला ऑफिसात जावं लागणार असेल तर जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च पगारातून आधीच वजा करा. पुणे-कोल्हापूर वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस असते, ऑफिसचा वार तिच्याशी जुळतो का बघा.

4. भाडेकरार आणि मीटर

महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून "चालतंय की" म्हणणारे बरेच भेटतील. तो कागद शाळा, गॅस अशा कामांत अडू शकतो. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते आणि त्याला दोन्ही बाजूंचे आधार-पॅन आणि दोन साक्षीदार लागतात. 11 महिने, 12 हजार भाडं आणि 50 हजार अनामत धरली तर मुद्रांक शुल्क सुमारे साडेतीनशे रुपये होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, ग्रामपंचायत हद्दीत पाचशे. एजंट याचे पाच-सहा हजार सांगेल तेव्हा हे आकडे समोर ठेवा. घरफाळा (घराचा मालमत्ता कर) आणि पाणीपट्टी कुणी भरायची ते करारात लिहून घ्या. करार पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करा, कारण पगाराची स्लिप तिची आहे.

वीज मीटर स्वतंत्र आहे का, हे जिन्याखाली जाऊन स्वतः बघा. महावितरणचा घरगुती दर 100 आणि 300 युनिटच्या टप्प्यांवर चढत जातो. तुमचा वापर 90 युनिट आणि वरच्या मजल्यावरच्या मालकाचा 120. मीटर एकच असेल तर बिल 210 चं येतं, म्हणजे दोन्ही घरांना मिळून पहिल्या स्वस्त 100 युनिटचा फायदा एकदाच मिळतो. बिल निम्मं-निम्मं वाटलं तर तुम्ही दर महिन्याला मालकाच्या वापराचेही पैसे भरता. वेगळं मीटर नसेल तर निदान सबमीटर बसवून घ्या.

5. सामान हलवणं

मे महिन्यात हलवा. जूननंतर इथला पाऊस सामानाला आणि माणसालाही सुधरू देत नाही. परतीची गाडी मिळाली तर भाडं कमी पडतं, म्हणून तारखेत चार-पाच दिवसांची सूट ठेवा. पेठेत मोठा ट्रक शिरत नाही, शेवटच्या टप्प्याला छोटा हत्ती ठरवावा लागतो आणि हमालीवरून वाद होतो. हे दर आधीच बोलून घ्या. सिलिंडर बरोबर आणू नका. जुन्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून कनेक्शन बदलाचा कागद घ्या आणि तो दाखवून इथे नवं कनेक्शन घ्या. राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर बदलावा लागत नाही, एमएच-12 चालते. आरसीवरचा पत्ता मात्र 30 दिवसांत बदलून घ्यायचा.

6. शाळा

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला भरतात, चांगल्या शाळांचे प्रवेश त्याच्या बरेच आधी संपतात. जरगनगरमधल्या महापालिकेच्या शाळेत गुढीपाडव्याला पालकांच्या रांगा लागतात, म्हणून "महापालिकेची शाळा कधीही मिळेल" असं धरू नका. कमी उत्पन्नात मुलांसाठी ही चांगली सोय आहे, फी नाही आणि शिक्षक कसलेले आहेत.

पहिली ते आठवीत शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायदा तसा आहे. दाखला मिळाला तरी जुन्या शाळेने विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवरून मुलाची नोंद सोडली पाहिजे. ती राहून गेली तर नवी शाळा मुलाला पटावर घेऊ शकत नाही. दाखला घेतानाच ती सोडवून घ्या. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांसाठी दुर्बल घटकाला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. एक पगार असलेली बहुतेक घरं त्यात बसत नाहीत, त्या घटकातून अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

प्रवेश अर्जावर "पहिला संपर्क" म्हणून बाबांचा नंबर लिहा, आणि वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर मुलाला ताप आला की फोन कारखान्यात मशीनसमोर उभ्या असलेल्या आईला जातो.

हाताशी ठेवायचे कागद

- दोघांचे आधार, पॅन, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरण कार्ड
- पतीचं अनुभवपत्र, कार्यमुक्ती पत्र, शेवटच्या तीन स्लिपा, फॉर्म 16, यूएएन
- पत्नीचं नेमणूक पत्र आणि स्लिपा
- नोंदणीकृत भाडेकरार (आधारचा पत्ता बदलायला हा चालतो)
- शाळेचा दाखला, गुणपत्रक, मुलाचा विद्यार्थी क्रमांक
- रेशनकार्ड: जुन्या ठिकाणचं नाव कमी केल्याचा दाखला घेऊन इथल्या पुरवठा कार्यालयात अर्ज
- मतदार यादीसाठी फॉर्म 8

7. घर सोपवायचं ते आठवणीसकट

बहुतेक ठिकाणी गाडी इथे अडते. बाबा स्वयंपाक करतात, भांडी घासतात, मुलांना आणतात, पण "आज काय करू?", "डबा कुठलाय?", "डॉक्टरकडे कधी जायचंय?" हे आईलाच विचारतात. मग आई नोकरीही करते आणि घरही डोक्यात वागवते. काम हातात घेतलं पण लक्षात ठेवणं तिच्याकडेच राहिलं, तर तिचा भार हलका झालेला नाही.

म्हणून एक वही करा. महिनाभर आईने जे जे आठवणीत ठेवलं ते लिहून काढा. गॅस कधी नोंदवायचा, कुठल्या मुलाला शेंगदाण्याची चटणी चालत नाही, सासूबाईंची बीपीची गोळी कधी संपते, गणवेश कुठल्या वारी कुठला, दूधवाल्याचा खाडा कसा मांडायचा, आहेराला गेल्या खेपेला किती दिलं. ही वही बाबांनी आपल्या हाताने लिहायची. पहिले दोन आठवडे दोघांनी मिळून चालवायचं, तिसऱ्या आठवड्यापासून आईने सूचना बंद करायच्या. भाजी खारट होईल, गणवेश चुकेल, होऊ द्या.

सकाळी सातची पाळी असेल तर आई सव्वासहाला बाहेर पडते. तिचा डबा आणि मुलांचा डबा यांत तास-दीड तासाचं अंतर असतं. सकाळी एकदाच भाजी करून दोन्हीकडे भरायची, कणीक आणि चिरलेली भाजी रात्रीच तयार ठेवायची. भाकरी जमेपर्यंत ती विकत आणायला काही हरकत नाही, घरगुती भाकऱ्या-चपात्या नगावर देणाऱ्या बायका आणि बचत गट शहरात जागोजागी आहेत. संध्याकाळी आई आल्यावर निदान अर्धा तास बाबांना घराबाहेर पडता आलं पाहिजे, रंकाळ्यावर चालायला का होईना. आठवड्यातली अर्धा दिवस सुट्टी वहीत लिहून ठेवा. काही कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, नोकरी स्वीकारतानाच ते विचारा. मुलांची सुट्टी आणि आईची सुट्टी वेगळ्या वारी आली तर आठवड्याची सगळी आखणी बदलते.

8. इथल्या खर्चाचं वर्ष

महिन्याचं बजेट पुरत नाही, वर्षाचं करा. एप्रिल-मेमध्ये वर्षाची चटणी होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, धने, कांदा, लसूण आणायचं, मसाला भाजायचा आणि डंकावर कांडून आणायची. तांदूळ, गहू आणि डाळीही याच सुमारास भरतात. लक्ष्मीपुरीच्या धान्य ओळीत घाऊक दराने घेतलं तर वर्षभरात चांगली बचत होते, पण पैसे एकदम लागतात. त्यासाठी ऑक्टोबरपासून दरमहा थोडे बाजूला टाका. जूनला शाळेचा खर्च, मग गणपती, दिवाळी, उन्हाळ्यात लग्नसराई आणि गावची म्हाई (गावजत्रा). म्हाईला पाव्हणे येणार आणि मटण होणारच. हा खर्च टाळता येईल असं समजू नका, आकडा ठरवून वहीत लिहा. रविवारच्या मटणाचाही वेगळा रकाना करा, किराण्यात घातलं की हिशेब कधीच लागत नाही.

भाजी रोज दारावर घेण्यापेक्षा कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात आठवड्याची घ्या. अंतरं कमी असल्यामुळे दोन दुचाकींवर भागतं. हप्त्याची चारचाकी असेल तर येण्याआधी विकून टाका.

9. घरचे आणि पाव्हणे

आईवडिलांच्या घरी राहणार असाल तर सामान येण्याआधी समोरासमोर बसून बोला. सून कामाला जाणार, मुलगा चूल सांभाळणार, आणि त्याबद्दल सुनेला बोल लावायचा नाही. हे मुलानेच सांगायचं. सुनेवर सोपवलं तर पहिल्याच आठवड्यात धुसफूस सुरू होते. भाडं वाचतं म्हणून वीज, घरफाळा, किराणा यांतला वाटा ठरवून द्या, भावाचाही त्या घरात हिस्सा आहे.

"काय करता सध्या?" हा प्रश्न लग्नात, गल्लीत, तालमीच्या कट्ट्यावर येणारच. "घर आणि पोरं माझ्याकडे आहेत, नोकरी ही करते," एवढं सरळ वाक्य पुरतं. "सध्या ब्रेक घेतलाय" असं म्हटलंत की दर महिन्याला कुणीतरी नोकरी सुचवत राहतं.

10. सहा महिन्यांनी हिशेब

सहा महिन्यांनी दोघांनी तीन गोष्टी तपासायच्या. शिल्लक घटते आहे का, आईची झोप पुरी होते का, बाबांना घराबाहेरची माणसं भेटतात का. सलग तीन महिने शिलकीतून खर्च होत असेल तर मांडणीत बदल करा. भाडं कमी करा किंवा धाकटा शाळेत जायला लागल्यावर बाबांनी अर्धवेळ काम बघायचं ठरवा. त्यासाठी बाबांचा व्यवसाय परवाना, संस्थेचं सदस्यत्व, प्रमाणपत्रं मुदतीत नूतनीकरण करत राहा आणि त्या तारखाही घराच्या वहीत, गॅस आणि बीपीच्या गोळीच्या शेजारी लिहून ठेवा.